सावर फुललेली असताना फांद्या तोडू नका

प्रति,
माननीय प्राचार्य आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

सा. न. वि. वि.

मी आपल्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींच्या वसतिगृहात राहते. गेल्या आठवड्यात सूचना फलकावर ‘परिसर स्वच्छता व वृक्षछाटणी’ अशी सूचना लागली. ती वाचून मी कार्यालयात अर्ज दिला, आवक शिक्का मारून पोचही घेतली. तरीही हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण पुण्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत आणि सोसायट्यांत फेब्रुवारी-मार्च उजाडला की हेच होतं. आपल्या महाविद्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. इथे मला खूप मिळालं आहे आणि त्याची बदनामी व्हावी असं मला स्वप्नातही वाटणार नाही.

ग्रंथालयाच्या मागे जी काटेसावर आहे, तिच्याबद्दल आधी सांगते. आपलं जाणं-येणं पुढच्या दाराने असतं, त्यामुळे ती कदाचित रोज आपल्या नजरेला पडत नसेल. जानेवारी संपेपर्यंत तिची सगळी पानं गळली. मग आडव्या पसरलेल्या उघड्या फांद्यांवर सुपारीएवढ्या टणक कळ्या दिसू लागल्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी पहिलं फूल उमललेलं दिसलं आणि त्या शनिवारपर्यंत अख्खं झाड लाल झालं. पाच जाडजूड, तुकतुकीत पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुबका आणि तळाला हिरवी वाटी. सावरीचं फूल पाकळी-पाकळीने झडत नाही. ते अख्खंच्या अख्खं खाली येतं आणि पडताना ‘थप्प’ असा आवाज होतो. मी झाडाखाली कॉस्टिंगची गणितं सोडवत बसलेली असते आणि दर दोन-चार मिनिटांनी कुठे तरी थप्प होतं. एक फूल उचलून तळहातावर घेतलं तर त्याचं वजन जाणवतं. वाटीत बोट घातलं तर ओलं, गोडसर लागतं.

त्या गोडव्यासाठी सकाळी सात-सव्वासातला झाडावर जत्रा भरते. साळुंक्या, बुलबुल, कावळे, इवलेसे शिंजीर आणि फांदीवरून उलट्या लटकणाऱ्या खारी. दोन दिवस भोरड्यांचा थवाही आला होता. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पक्ष्यांना पळसमैना असंही म्हणतात. त्या मध्य आशियातून आपल्याकडे हिवाळ्याला येतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघण्याआधी ज्या झाडांवर त्या पोट भरून घेतात, त्यांत आपल्या ग्रंथालयामागचं झाड आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. प्रवेश घेताना मिळालेल्या माहितीपुस्तिकेत हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पंचांगात वसंत चैत्रापासून धरतात. माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. पण झाडं माघातच कामाला लागतात. फाटकाजवळच्या पिंपळाने याच आठवड्यात जुनी पानं टाकली आणि आता तांब्याच्या रंगाची, अंगठ्याच्या नखाएवढी पालवी डोकावते आहे. कोवळ्या पानांना कडक उन्हापासून जपायला झाड तो तांबूस रंग भरतं, हे मला वनस्पतिशास्त्राच्या मैत्रिणीने सांगितलं. वसतिगृहामागचा आंबा मोहरलाय आणि तुडतुड्यांमुळे खाली लावलेल्या गाड्यांवर चिकटा पडतो म्हणून मुलं कुरकुरतात. सायकल स्टँडजवळच्या करंजाचं पान अजून जुनंच आहे. मार्च सरता सरता तो असा पोपटी होईल की त्याच्याकडे उन्हात बघवणार नाही. आणि वाणिज्य विभागाच्या खिडकीबाहेरची वावळ! तिची फुलं कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण तिच्या पंखवाल्या चपट्या बिया मार्चमध्ये वाऱ्याबरोबर वर्गात येतात, थेट वहीवर उतरतात. वरचा कागदासारखा पापुद्रा काढला की आतली बी खाता येते. पहिल्या वर्षी मी ती खाताना बघून बाकावरच्या चार मुली घाबरल्या होत्या. आता त्याच मला वावळ्या सोलून आणून देतात.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातली. आमच्याकडे हे दिवस मोहाचे. मार्चच्या मध्यापासून मोहफुलं पडायला लागतात. पहाटेपासून पडतात ती ऊन तापेपर्यंत पडत राहतात. पिवळसर पांढरी, रसाने फुगलेली, आणि वास असा की अंधारातही झाड कुठे आहे ते कळतं. टोपली घेऊन पहाटे निघायचं, एकटं जायचं नाही, बोलत-खाकरत जायचं, कारण मोह अस्वलालाही आवडतो. वेचलेली फुलं अंगणात वाळत घातली की दोन-तीन दिवसांत मनुकांसारखी तांबूस होतात. आमच्या घरी वहीपेनाचा, परीक्षा फीचा खर्च बरीच वर्षं या फुलांतून निघाला आहे. म्हणून माझ्यासाठी वसंत हा नुसता बघायचा ऋतू कधीच नव्हता. तो कामाचा, कमाईचा आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र असण्याचा ऋतू होता.

पहिल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी शिक्षण सोडून घरी जायच्या विचारात होते. हे मी आजवर वसतिगृहातल्या ताईंनाही सांगितलेलं नाही. वर्गात माझी बोली ऐकून कुणी हसलं की मी आठवडाभर तोंड उघडत नसे. अंतर्गत परीक्षेत दोन विषयांत कमी गुण पडले होते. बॅग भरून ठेवली होती. त्या दिवशी अभ्यासिकेत जागा मिळाली नाही म्हणून मी ग्रंथालयामागे गेले आणि समोर ती सावर उभी होती, आमच्या नाल्याकाठी असते तशीच, फुललेली. आजीची उशी सावरीच्या कापसाची आहे. उन्हाळ्यात बोंडं फुटली की ती कापूस वेचायला आम्हाला पिटाळायची. आमच्याकडे जंगलात सावरीखाली पडलेली फुलं खायला चितळं येतात. इथे चितळं नव्हती, पण बाकी सगळं होतं. मी तिथे अंधार पडेपर्यंत बसले. वॉचमन काका दोनदा येऊन गेले, काही बोलले नाहीत, तिसऱ्यांदा आले तेव्हा “पोरी, आता आत जा” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी बॅग रिकामी केली.

सर, या झाडासाठी मी एवढा आटापिटा का करते आहे, ते यावरून आपल्या लक्षात येईल.

गेल्या वर्षी तपासणी समिती येणार होती, तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं आली. एका शुक्रवारी दुपारी आम्ही वर्गातून बाहेर आलो तेव्हा सावरीच्या रस्त्याकडच्या सगळ्या फांद्या जमिनीवर होत्या. कळ्यांनी भरलेल्या. मोठ्या फांद्या ट्रॅक्टरमधून गेल्या आणि उरलेली डहाळी, फुलं, मैदानातला सगळा पाचोळा एका ढिगात घालून संध्याकाळी पेटवून दिला. ओली फुलं जळत नाहीत, नुसती धुमसतात. फेब्रुवारीत पुण्याची सकाळ थंड असते आणि धूर वर जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या मुली खोकत उठल्या. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला दमा आहे. तिची त्या दिवशी तोंडी परीक्षा होती आणि ती पंप हातात घेऊन गेली. ज्यांनी काम केलं त्या माणसांवर माझा राग नाही. त्यांना ‘परिसर स्वच्छ दिसला पाहिजे’ असं सांगितलं होतं, त्यांनी तो स्वच्छ केला. पण पाचोळा म्हणजे घाण आणि बिनपानांचं झाड म्हणजे वाळलेलं झाड, ही समजूतच मुळात चुकीची आहे. पानं टाकून फुलणं ही सावरीची, पळसाची, पांगाऱ्याची रीतच आहे. पानं नसली की फुलं लांबूनही दिसतात आणि पाखरांना थेट फुलापर्यंत पोचता येतं. ज्या महिन्यात झाड सर्वांत जिवंत असतं, त्याच महिन्यात आपण त्याला मेलेलं समजतो.

आमच्याकडेही पाला जाळतात, हे मला सांगितलंच पाहिजे. मोहफुलं वेचायला झाडाखालची जमीन मोकळी लागते. पाला पेटवून दिला की अर्ध्या तासात काम होतं. पण आग झाडाखाली राहत नाही, वारा आला की जंगलात शिरते. आणखी एक सांगते. आमच्या शेजारच्या मोहाच्या बुंध्याला वर्षानुवर्षं आच लागून एका बाजूची साल गेली, नंतर खोड पोखरलं आणि एका पावसाळ्यात ते झाड आडवं झालं. वनविभागाचे लोकही दर वर्षी येऊन सांगायचे, पाला झाडा, जाळू नका. त्या पडलेल्या झाडानंतर आईने खराटा हातात घेतला. आता ती फुलं पडायच्या आधी चार दिवस झाडाखाली झाडून पाला बाजूला ओढून ठेवते, पावसाळ्यात तो शेतात जातो. वेळ जास्त लागतो, कंबर दुखते, तरी ती करते. माझी आई सातवीपर्यंत शिकली आहे. तिने जे करून दाखवलं, ते एवढ्या प्राध्यापकांच्या आणि दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला जमणार नाही असं मी मानत नाही.

या वर्षी आणखी एक गोष्ट आहे. सावरीची दक्षिणेकडची एक फांदी खरोखरच वाळलेली आहे. सूचनेत ‘वाळलेल्या व धोकादायक फांद्या’ असा उल्लेख आहे, म्हणजे तिचा नंबर पहिला लागणार. त्या फांदीच्या खालच्या अंगाला तांबट पक्ष्याची एक जोडी घर कोरते आहे. तांबट चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. उन्हं चढली की ‘टुक-टुक-टुक’ असा एकसारखा आवाज येतो, तो त्याचाच. तांबटाच्या आळीत हातोडी चालावी तसा. आपण आपल्या केबिनमध्येही तो ऐकला असेल. नर-मादी आळीपाळीने कोरतात. एक आत गेला की दुसरा शेजारच्या फांदीवर बसून राहतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे नुसता एक गोल खळगा होता, रुपयाच्या नाण्याएवढा. चोचीने भुसा बाहेर टाकताना तो मान झटकतो आणि ती पिवळी भुकटी थेट माझ्या लेजरच्या पानावर पडते. तांबटाला घरासाठी असं ठिसूळ, वाळकं लाकूडच लागतं. हिरव्या फांदीत त्याची चोच चालत नाही. म्हणजे आपल्याला जी फांदी निरुपयोगी वाटते, तीच त्याला हवी असते. शिवाय ती फांदी मागच्या मोकळ्या जागेवर आहे, तिच्याखाली ना रस्ता आहे ना गाड्या लागतात. मी तिथे बसते, पण पिल्लं उडेपर्यंत मी दहा पावलं लांब बसेन.

कायद्याचं बोलणं मला विद्यार्थिनी म्हणून थोडं अवघड वाटतं, पण ते टाळणंही बरोबर नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. शहरात झाडाला हात लावायचा तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. आपल्या ग्रंथालयात जुने वार्षिक अंक बांधून ठेवले आहेत. १९७३-७४ च्या अंकात स्नेहसंमेलनाचं एक छायाचित्र आहे आणि त्यात मुलांच्या मागे हीच सावर छपराच्या उंचीची दिसते. आज तिचं वय पन्नाशीच्या पुढे आहे हे सांगायला वेगळा पुरावा लागू नये. पाला जाळण्याबद्दल म्हणाल तर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. त्यात साध्या प्रकरणात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. ठेकेदाराच्या हाती या वर्षीचं काम देताना त्याला हे लेखी सांगितलं जावं.

माझं मागणं फार नाही. फुलं आणि घरटी असेपर्यंत, म्हणजे साधारण मे अखेरपर्यंत, कुठल्याही झाडाची सरसकट छाटणी नको. खरोखर कोसळण्याच्या बेतात असलेली फांदी असेल तर ती जरूर काढावी, जीव महत्त्वाचाच. पण कोणती फांदी धोक्याची आहे हे आपल्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या वनस्पतिशास्त्र विभागाने आधी बघावं, वरती घरटं आहे का तेही बघावं. बाकीची छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करता येईल, कळ्या यायच्या आधी.

पाचोळ्याची जबाबदारी आम्ही घेतो. मी राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. आम्हाला वर्षाला एकशेवीस तास काम करायचं असतं आणि त्यातले बरेच तास रांगोळ्या, फेऱ्या आणि घोषणाफलक रंगवण्यात जातात. ते तास इथे द्या. मैदानाच्या कोपऱ्यात जाळीचे चार गोल उभे करायचे, त्यात वाळकी पानं दाबून भरायची, थोडं शेण कालवून टाकायचं आणि अधूनमधून पाणी मारायचं. पावसाळा संपेपर्यंत खाली काळं, भुसभुशीत खत तयार होतं. माळीकाकांशी मी बोलले आहे. ते म्हणाले, दर जूनला बाहेरून खताची पोती आणावी लागतात, घरचं मिळालं तर हवंच आहे. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून त्या पोत्यांच्या खर्चाचा आणि या जाळीच्या गोलांच्या खर्चाचा ताळेबंद मी अर्जासोबत जोडला आहे. त्यातूनही पानं उरली तर पुण्यात गच्चीवर बाग करणारी मंडळी वाळक्या पानांची पोती मागून नेतात. त्यांना फाटकावरून नेऊ द्यावीत.

आणखी एक विनंती आहे आणि ती फक्त या दोन महिन्यांपुरती आहे. परीक्षेच्या काळात अभ्यासिका भरलेली असते. ग्रंथालयामागचं लोखंडी फाटक सहा वाजता बंद होतं. ते साडेसातपर्यंत उघडं ठेवलं तर तीस-चाळीस मुलं-मुली झाडाखाली बसून वाचू शकतील. मी तीन वर्षं पाहते आहे, या दिवसांत आमच्या मुलांचे चेहरे सुकतात. निकाल, प्लेसमेंट, घरचा फोन, भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट. कुणाला काही विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतात. त्यांना सल्ला द्यायला माझ्याकडे काही नाही. पण मला एवढं माहीत आहे की अशाच एका संध्याकाळी मला कुणी सल्ला दिला नव्हता, फक्त बसायला जागा मिळाली होती आणि वर झाड फुललेलं होतं.

माझ्या वर्गमित्रांनाही याच पत्रातून सांगते. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा मोहर लागेल तेव्हा तो बाजारातून विकत आणू नका, कँटीनमागे दोन निंब आहेत, खालची डहाळी हाताला लागते, लागेल तेवढीच घ्या. रंगपंचमीला पळसाची फुलं भिजवून केशरी रंग होतो, तो मी करून दाखवेन. आपल्या आवारात पळस नाही. पण ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण शाळेपासून तोंडपाठ असलेल्या कितीजणांनी ती तीन पानं खरंच मोजून पाहिली आहेत? या पावसाळ्यात मैदानाच्या कडेला एक पळस लावायची परवानगी मिळाली तर मी गावाकडून बिया आणेन. पळस सावकाश वाढतो. तो फुलेल तेव्हा मी इथे नसेन, याची मला जाणीव आहे आणि तरीही मला तो लावायचा आहे.

सर, पत्र लांबलं. सूचना फलकावर छाटणीची तारीख पुढच्या बुधवारची आहे. त्याआधी एकदा, सकाळी आठच्या सुमाराला, आपण ग्रंथालयामागे यावं अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मी सोमवारी आणि मंगळवारी तिथेच असेन. खालून तिसरी फांदी, दक्षिणेकडची. आज सकाळी तांबट आत शिरला तेव्हा त्याची शेपटीसुद्धा बाहेर दिसत नव्हती.

कळावे.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
तृतीय वर्ष वाणिज्य, मुलींचे वसतिगृह, खोली क्रमांक १४